ड्रायव्हर खरा असता तर?

हृषीकेश मुखर्जींचा ‘चुपके चुपके’ १९७५ साली आला, आणि तो लागला की माणसं आजही टीव्हीसमोरून हलत नाहीत. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक परिमल त्रिपाठी साडू राघवेंद्रबाबूंची फजिती करायला ड्रायव्हर बनून त्यांच्याच घरी राहतो. मेहुणी, म्हणजे खरं तर परिमलचीच बायको, ड्रायव्हरमध्ये गुंतल्याच्या संशयाने राघवेंद्रबाबूंची झोप उडते आणि आपण पोट धरून हसतो. कारण तो ड्रायव्हर नाही, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. तेवढी माहिती काढून घ्या. प्रसंग तेच ठेवले तरी हसणाऱ्यांतले कितीतरी जण गुपचूप राघवेंद्रबाबूंच्या बाजूला जाऊन बसतील. युक्ती तशी जुनीच. १७३० साली पॅरिसमध्ये रंगमंचावर आलेल्या फ्रेंच नाटककार मारिव्होच्या नाटकात मालक आणि नोकर वेश बदलतात, तरी प्रत्येक जण भाळतो तो आपल्याच पायरीच्या माणसावर.

यावर कोणी म्हणेल, चित्रपट टर उडवतो ती राघवेंद्रच्या अहंकाराची, नोकरांची नव्हे. खरं आहे. डाकबंगल्याच्या म्हाताऱ्या चौकीदाराला गावी जाता यावं म्हणून परिमल त्याचं काम अंगावर घेतो, यात मायाही आहे. हलक्याफुलक्या करमणुकीवर समाजसुधारणेचं ओझं टाकू नये, हेही मान्य. पण वेशांतरामुळे खरा पेच आधीच सुटलेला असतो. नवरा-बायको मुळातच बरोबरीचे, त्यामुळे ज्याच्या हाती पगार त्याला ‘नाही’ कसं म्हणायचं, हा प्रश्न उद्भवतच नाही. आपल्या कायद्याला मात्र तो टाळता आला नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने घरकाम करणाऱ्या बाईसाठी मालकाचं घर हेच कामाचं ठिकाण मानलं.

रोहेना गेरा यांच्या ‘सर’ या चित्रपटात (२०१८) वेशांतराची सोय नाही. खेड्यातून मुंबईत आलेली विधवा रत्ना मालक अश्विनच्या फ्लॅटमध्येच राहून काम करते. दोघांमधलं प्रेम फसलं तर त्याचं मन दुखेल. तिचं काम, छप्पर आणि गावातली अब्रू, सगळंच जाईल. म्हणून पाऊल मागे घेते ती रत्ना, आणि तिचा हा व्यवहारी शहाणपणा मला त्याच्या हळवेपणापेक्षा मोठा वाटतो. ती त्याला नावाने हाक मारते ती शेवटी, त्याच्याकडची नोकरी सुटल्यावर, फोनवर. दिग्दर्शिकेने हा क्रम जाणूनबुजून ठेवला असावा. तरीही तिची नवी नोकरी आलेली असते ती अश्विनच्याच ओळखीतून.