खोट्यावर हरताळ

सज्जनहो, परमार्थ करणाऱ्याने व्यवहारात फसावे आणि गप्प बसावे, यालाच क्षमा म्हणतात असा एक समज आपल्या मंडळींत आहे. क्षमा ही दैवी संपत्ती खरीच. परंतु गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवंतांनी तिच्याच पंक्तीला सत्यही बसविले आहे. एकीला पाट मांडावा आणि दुसऱ्याला दारातून परत लावावे, हे कसे चालेल?

गेल्या वर्षी आमच्यावरच प्रसंग आला. इंटरनेटवरच्या एका लिलावात ज्ञानेश्वरीची पोथी निघाली. वर्णन होते, 'हस्तलिखित, संपूर्ण'. नातवाने मोबाईलवर दाखविली आणि आम्ही बोली लावली. कोणी शंभर चढविले की आम्ही दोनशे! साडेसहा हजारांना पोथी आमची झाली. तो माउलीचा आदर नव्हता, 'माझी, माझी' म्हणणारा लोभ होता, हे आधी कबूल करतो.

पोथी सोडताच कळून चुकले. हाताने लिहिणारा कोठेतरी चुकतोच; मग चुकीवर पिवळा हरताळ लावून वर शुद्ध अक्षर लिहितो. येथे हरताळाचा ठिपका नाही, टाक बुडवल्याची खूण नाही, शाई सगळीकडे सारखी. पोथी शिळाछापाची, आणि शेवटचे दोन अध्याय गायब!

विक्रेत्याने कळविले, "विकलेला माल परत घेत नाही." दिंडीतले एक सोबती म्हणाले, "बुवा, सोडून द्या, पांडुरंग पाहून घेईल." दुसरे म्हणाले, "चार शिव्या हाणा." आम्ही दोन्ही केले नाही. सोडावे, तर उद्या तो दुसऱ्या भाविकाला गाठणार. शिव्या द्याव्या, तर ज्या जिभेने रात्री कीर्तन करावयाचे तीच विटाळणार.

मग नातवाला जवळ बसविले. लिलावातले वर्णन, पैसे भरल्याची पावती, पोथीची छायाचित्रे, सारे एकत्र केले. विक्रेत्याला सात दिवसांची मुदत देऊन सभ्य पत्र धाडले. उत्तर नाही, तेव्हा लिलाव चालविणाऱ्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिले. 2020 च्या नियमांप्रमाणे त्याने 48 तासांत पोच द्यावी आणि महिन्यात निवारण करावे. माल वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला तो परत घेणे नाकारता येत नाही. इतक्याने न भागल्यास 1915 हा ग्राहकांचा दूरध्वनी आहे. त्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो तेथेच दोन वर्षांच्या आत दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही. आम्हाला तेथवर जावे लागले नाही. एकोणिसाव्या दिवशी पैसे परत आले.

गंमत पुढेच आहे. विक्रेत्याचा निरोप आला, "बुवा, माझ्याविषयी लिहिलेले काढून टाका, वर पाचशे देतो." आम्ही म्हटले, "बाबा, खरे बोलणे आम्ही लिलावात काढलेले नाही." मात्र त्याच मजकुराखाली आणखी एक ओळ घातली, 'यांनी पैसे पूर्ण परत केले.' तेही खरेच होते. अपराध सांगावा आणि भरपाई लपवावी, हाही खोटेपणाच.

पहा, हरताळ लावणारा लेखक चुकीचे अक्षर तसेच ठेवीत नाही, आणि रागाने पानही फाडीत नाही. चूक झाकतो, शुद्ध लिहितो, पुढे जातो. तंटा असा मिटवावा. चूक जावी, माणूस राहावा. आणि दुसऱ्याच्या पानावर हरताळ लावण्याआधी आपल्या लोभावर एक बोट फिरवावे.

पोथी परत धाडावयाची होती. विकणारा खोटा, पण ओव्या काही खोट्या नव्हत्या. त्या रात्री आम्ही तिच्यातला बारावा अध्याय वाचला, मस्तक ठेवले, आणि सकाळी धुतल्या वस्त्रात बांधून रवाना केली.

पुंडलीकवरदे हरि विठ्ठल!