स्वस्त शस्त्राचे मोल

वस्तूची किंमत बाजार ठरवतो. तिच्याबरोबर येणारे दायित्व मात्र बाजाराच्या हाती नसते. हा भेद एरवी फारसा जाणवत नाही. सैन्याने निकालात काढलेली बंदूक एखादा नागरिक विकत घेतो, तेव्हा तो टाळता येत नाही.

सर्गेई सिमोनोव्ह यांनी सोव्हिएत सैन्यासाठी १९४५ साली सिद्ध केलेली ‘एसकेएस’ ही रायफल या दृष्टीने विचारार्ह आहे. ती अर्धस्वयंचलित आहे. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत चढते. एका भरणीत अशी १० काडतुसे मावतात. कलाश्निकोव्ह रायफलीने तिला आघाडीवरून मागे सारले. पण चीन, युगोस्लाव्हिया आदी देशांतही ती मोठ्या संख्येने घडली होती. शस्त्रागारांत साठलेल्या या रायफली १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या बाजारात आल्या आणि शंभरेक डॉलरांत मिळू लागल्या. १९९४ मध्ये चिनी बंदुकांची आयात तेथे बंद झाली. आज ती स्वस्ताई उरलेली नाही. प्रश्न उरला आहे.

तिचा धनी बहुधा शिकारी किंवा चांदमारीचा शौकीन असतो. श्वास आवरून कागदी लक्ष्यावर नेम धरण्यात जी एकाग्रता लागते, तिचा आनंद खोटा नव्हे. शस्त्र निर्दोष असते, दोष हाताचा, असे तो म्हणतो. हे विधान अर्धेच खरे आहे. १४ जून २०१७ रोजी व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे बेसबॉलचा सराव करणाऱ्या लोकप्रतिनिधींवर एका माणसाने अशाच रायफलीतून गोळ्या झाडल्या. प्रतिनिधी स्टीव्ह स्कॅलिस गंभीर जखमी झाले. द्वेष त्या माणसाचा होता. त्या द्वेषाला दुरून घायाळ करण्याचे बळ मात्र शस्त्राने दिले.

म्हणून प्रत्येक धनी अपराधी ठरत नाही. पण ‘स्वस्तात मिळाली’ या शब्दांत त्याचे उत्तरही संपत नाही. साठवणुकीसाठी या रायफलींना घट्ट वंगण फासलेले असते. ते पुरते काढले नाही, तर काडतुसावर आघात करणारी सैल सळई पुढेच अडकून चाप न ओढताही गोळी सुटू शकते. अनेक जुन्या लष्करी काडतुसांचे क्षार नळीत मागे राहतात आणि वेळीच धुतले नाहीत तर लोखंड गंजवतात. सैन्यात अशा गोष्टी पाहण्यास शिस्त होती, वरिष्ठ होते, शस्त्रागाराचे कुलूप होते. नागरिकाच्या घरी ही सारी कामे एकट्या धन्याकडे येतात.

शिवाय अशी रायफल माणसाहून दीर्घायुषी असते. ती कोणाच्या हाती लागू द्यायची नाही आणि आपल्यामागे कोणाकडे जाईल, याचा विचार विकत घेतानाच करावा लागतो. तो ज्याला जड वाटतो, त्याला ती रायफल फुकट मिळाली तरी महागच पडते.