सब्र कोणी कोणाला सांगावा?

संकट ओसरले की आपल्याकडे माणसाला दोन गोष्टी लगेच मिळतात : पंचनाम्याचा कागद आणि ‘सब्र करा’ हा सल्ला. घर किती पडले, धान्य किती भिजले याची नोंद तलाठी करतो. मनाचे काय झाले याचा रकाना त्या कागदावर नसतो. सल्ला देणाराही ते विचारत नाही.

पालघर जिल्ह्याने हे वारंवार पाहिले आहे. जुलै 2018 च्या पावसात वसई-विरार पाण्याखाली गेले आणि वसईच्या मिठागरातील वस्तीत शेकडो माणसे अडकली. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. फेब्रुवारी 2019 मध्ये घाबरून घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. भर थंडीत माणसे तंबूत झोपू लागली. तिथे भिंतींपेक्षा झोपच जास्त मोडली होती. 23 एप्रिल 2021 रोजी विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात आग लागून त्या दिवशी करोनाचे 13 रुग्ण गेले. महिना उलटायच्या आत तौक्ते वादळ किनाऱ्याला झोडपून गेले.

अशा वेळी सब्र म्हणजे काय? दुःख दिसू न देणे, असा समज आपल्या घरांत रुजला आहे. कर्त्या पुरुषाने रडायचे नाही. बाईने फार तर अंग दुखते, छातीत धडधडते एवढेच म्हणायचे. पण यूसुफच्या विरहात याकूब अलैहिस्सलाम यांची दृष्टी गेली, तरी सब्राचे उदाहरण म्हणून आपण त्यांचेच नाव घेतो. लहानग्या इब्राहिमला निरोप देताना पैगंबरसाहेबांच्याही डोळ्यांत पाणी आले. अबू झैद अल-बल्खी या विद्वानाने तर हजारेक वर्षांपूर्वी शरीर आणि मन या दोहोंच्या जपणुकीवर एकच ग्रंथ लिहिला. सब्र माणसाने स्वतःपुरता स्वीकारायचा असतो. दुसऱ्याला तो सांगण्याचा अधिकार आधी त्याचे ऐकून घेतल्याशिवाय मिळत नाही.

कोणी म्हणेल, गरिबाला आधी छप्पर द्या, मनाचे नंतर पाहू. यात तथ्य आहे. निवारा, काम आणि शेजार मिळाला की बहुतेक माणसे हळूहळू सावरतात. पण काही सावरत नाहीत. 1993 च्या किल्लारी भूकंपातून वाचलेल्यांची मानसोपचारतज्ज्ञांनी तपासणी केली तेव्हा अनेकांत नैराश्य आणि आघाताच्या खुणा आढळल्या. ज्याला रात्रभर झोप नाही, तो छपरासाठी कचेरीच्या किती खेपा घालणार?

इथे चांगुलपणाला व्यवस्थेची जोड लागते. 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार, आजारागणिक 70 ते 92 टक्के मनोरुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 पासून आहे. पण पाड्यावरचा मजूर रोजगार बुडवून तिथे किती वेळा जाईल? मदतीनेच गावात यायला हवे, आणि ते जमते. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत ‘विश्राम’ उपक्रमात गावपातळीवरचे कार्यकर्ते तयार केले गेले. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ने गावातल्याच स्वयंसेवकांना ऐकून घ्यायला आणि गरज पडल्यास डॉक्टरांपर्यंत न्यायला शिकवले.

आपल्यातले कित्येकजण आधी दर्ग्यावर जातात. 2001 मध्ये तामिळनाडूतील एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका खाजगी निवासात साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत जळून मेले. तिथे श्रद्धेच्या आडोशाने माणसे कोंडली गेली होती. पुढे गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम सुरू झाला. मुजावरांनीच रुग्णांना डॉक्टरांकडे पाठवायला सुरुवात केली. म्हणजे श्रद्धेची जागा उपचाराचे दारही होऊ शकते.

मय्यतीला खांदा देणे, घरी जेवण पाठवणे यात आपल्या मोहल्ल्याला कोणी शिकवायची गरज नाही. पण चाळिसावा झाला की दाराशी येणारे थांबतात, आणि काहींचा त्रास त्यानंतरच उघड होतो. एक्केचाळिसाव्या दिवशी कोण जाणार, हे जमातीने संकट येण्याआधीच ठरवून ठेवावे. जाणाऱ्याला उपदेश करता आला नाही तरी चालेल. त्याला बसून ऐकता यावे, जवळच्या आरोग्य केंद्राची वाट ठाऊक असावी आणि 14416 हा सरकारी टेलिमानस क्रमांक त्याच्या खिशात असावा.