संस्कारांचे कुंपण

गायिका गंगूबाई हनगल यांचा जन्म १९१३ सालचा, धारवाडचा. लहानपणी शेजारच्या सधन ब्राह्मणाच्या बागेतले आंबे काढले म्हणून त्यांना बोलणी बसली. मालकाचा संताप चोरीपेक्षा गाणाऱ्या बाईची पोर बागेत शिरली याचा होता. पुढे नाव झाल्यावर त्याच लोकांकडून मानाची बोलावणी आली, हेही गंगूबाईंनीच सांगून ठेवले आहे. त्या काळच्या अशा सधन घरांत वळणाची वाण नव्हती. परवचा, शुभंकरोती, वडीलधाऱ्यांपुढे आवाज न चढवणे, आल्यागेल्याला पाणी देणे, हे सारे मुले शिकत. आणि कोणाशी गोड बोलायचे, कोणाला हुसकावायचे, हेही त्याच ओसरीवर शिकत. म्हणून मुलांमध्ये माया आहे का, यापेक्षा ती कोणापर्यंत पोहोचते हे पाहायला हवे.

ही माया कशी पुढे सरकत गेली, याच्या खुणा मराठीत आहेत. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त, अस्पृश्य म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवायला आई श्यामला पाठवते आणि मग आंघोळ करायला सांगते. हात पुढे झाला, विटाळ मात्र उरला. मे १९४७ मध्ये त्याच गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. तिथे आंघोळीची अट गळून पडली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीत बालशिक्षणाचे काम मांडले. वंचित वस्तीतली मुले शाळेपर्यंत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. या दोघींनी त्या मुलांना स्वतः न्हाऊमाखू घातले. स्पर्शानंतरची आंघोळ आणि ही आंघोळ, यांत एका विचाराचा सारा प्रवास आहे.

हळवी मुले जगात चिरडली जातात, अशी भीती आईवडिलांना वाटते. ती खोटी नाही, पण हळवेपणा म्हणजे दुबळेपणा असे ती धरून चालते. गुरुजींइतका हळवा माणूस विरळा, आणि प्राण पणाला लावून रूढीसमोर उभा राहिला तोही तोच. दुसरा आक्षेप शिस्तीचा. शिस्त हवीच, मात्र धाकाने लागलेली शिस्त धाक असेपर्यंत टिकते आणि बहुधा आपल्याहून दुबळ्यावर उलटते. जात आता कालबाह्य झाली, असेही कोणी म्हणेल. पण हुबळीच्या सिद्धारूढ मठात दासोहाच्या, म्हणजे अन्नदानाच्या, पंगतीला मुलाला सगळ्यांशेजारी बसवायचे आणि घरी कामाच्या मावशींचा कप वेगळा ठेवायचा, हे आजही घडते. पंगत वर्षातून एकदा भेटते, कप रोज दिसतो. मूल शिकते ते कपावरून. दयेचे धडे देण्याआधी तो कप आपल्या कपांत मिसळला पाहिजे, आणि तो मोठ्यांनीच मिसळायचा आहे.