पाण्याखालची रेघ

थोडं थांबून बसू या. पाय जमिनीला टेकलेले असू द्या. श्वास जसा चालला आहे तसाच चालू द्या. आज एक रस्ता मनात धरायचा आहे, आलापल्लीहून भामरागडला जाणारा, सागाच्या जंगलातला.

आधी तो चैत्रात पाहा. सागाची पानं गळून गेली आहेत. पाचोळा डांबरावर सरकून आला आहे, त्यामुळे रस्ता कुठे संपतो आणि साइडपट्टी कुठे सुरू होते ते कळत नाही. पहाटे मोहफुलं वेचायला निघालेल्या बायका टोपल्या घेऊन रस्ता सोडतात आणि पायवाटेनं आत वळतात. त्या पायवाटेकडे जरा वेळ पाहा. ती कुणी आखलेली नाही, पावलांनी पडली आहे.

आता मनानं वर जा, उपग्रह फिरतो तितकं वर. उघड्या झाडीतून रस्त्याची फिकट रेघ दिसते. तोच रस्ता श्रावणात पाहा. सागाला सुपाएवढी पानं आली आहेत, रेघ हिरव्यात बुडाली आहे आणि वर ढग आहेत. रस्ता जागेवरच आहे, फक्त तो दिसत नाही. या फरकापाशी थोडं रेंगाळा.

स्वतः चालणाऱ्या गाड्यांसाठी नकाशे काढायला आज यंत्रांना शिकवतात. छायाचित्रातला रस्ता आधी माणूस बसून रंगवतो, ठिपका न् ठिपका. मग यंत्र अंदाज करतं. अंदाज आणि रंगवलेलं चित्र यांतली तफावत मोजतात आणि ती कमी व्हावी म्हणून यंत्राच्या आतले लाखो आकडे किंचित सरकवतात. मग पुढचं चित्र. मग त्याच्या पुढचं. २०१८ साली डीपग्लोब या स्पर्धेत उपग्रहाची अशी हजारो चित्रं होती, थायलंड, इंडोनेशिया आणि भारतातली. त्यांतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा अर्धा मीटर. मोहाकडे जाणारी ती पायवाट जेमतेम एका ठिपक्याची.

गाडीला याहून बारीक नकाशा लागतो. मॅपटीआरसारखी मॉडेल गाडीवरच्या कॅमेऱ्यांतून थेट रेषा काढतात. शोधतात मुख्यतः तीन गोष्टी: लेन वेगळ्या करणारे पट्टे, झेब्रा क्रॉसिंग आणि रस्त्याची कड. काढलेली रेष खऱ्या रेषेपासून अर्ध्या, एक किंवा दीड मीटरच्या आत आहे का, हे पाहून गुण देतात. ज्या नूसीन्स संग्रहावर ती शिकतात, तो बोस्टन आणि सिंगापूरच्या रस्त्यांवर जमवलेला आहे.

तिथे शिकलेलं यंत्र मनातल्या मनात आलापल्लीच्या पुढे आणून उभं करा. ते पांढरे पट्टे शोधतं आहे, समोर गुरं रस्ता ओलांडत आहेत. ते कड शोधतं आहे, कडेवर पाचोळा आहे. त्याला दोष देऊ नका. जे कधी कुणी दाखवलंच नाही, ते ओळखू कसं येणार? आपणही जंगलात नवखे असलो की आपल्याला नुसती ‘झाडं’ दिसतात. साग, येन, मोह हे कुणी सोबत चालून, बोट दाखवून सांगितल्यावर वेगळे होतात.

असं बोट भारतातल्या रस्त्यांकडेही कुणी दाखवलं. आयआयआयटी हैदराबादच्या अभ्यासकांनी हैदराबाद, बंगळूर आणि आसपासच्या रस्त्यांची १०,००० चित्रं रंगवून घेतली आणि ३४ प्रकारांत वाटली. त्यांत रस्त्याबाहेरच्या, पण वेळ पडल्यास गाडी जाऊ शकेल अशा जागेसाठीही एक नाव आहे. ज्या मातीला आधी कुणी मोजत नव्हतं तिला नाव मिळालं आणि यंत्राला ती दिसू लागली. यंत्राची नजर म्हणजे कुणीतरी आधी दिलेलं लक्ष. हे वाक्य घाईनं सोडू नका. श्वासाबरोबर एकदा आत घ्या.

हे लक्ष देणं फार जुनं आहे. १८०२ साली मद्रासला विल्यम लॅम्ब्टननं हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीला सुरुवात केली. सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट घेऊन, त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला. १८२३ साली हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला, चंद्रपूरच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात. एकवीस वर्षं निरखण्यात गेली, आणि मोजणी तरीही पुरी व्हायची होती.

आता आपण भामरागडच्या वेशीशी येऊ. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा इथे जवळ येतात. पावसाळा मनात आणा. वर्षानुवर्षं पर्लकोटेच्या ठेंगण्या पुलावरून पुराचं पाणी गेलं की भामरागडची वाट तुटत आली आहे. नकाशातली रेघ त्या दिवशीही पुलावरूनच जाते, अर्ध्या मीटरचाही फरक नसतो. वर मात्र गढूळ पाणी धावत असतं.

यंत्र शिकवणारे माणसानं रंगवलेल्या खऱ्या उत्तराला ‘ग्राउंड ट्रुथ’ म्हणतात, जमिनीचं सत्य. पण इथली जमीन चैत्रात एक सांगते आणि श्रावणात दुसरं. म्हणून यंत्राला रेघ शिकवताना ऋतूही शिकवावा लागेल. प्रत्येक रेघेबरोबर ते आपल्या खात्रीचा आकडा देऊ शकतं. तो आकडा खाली आला की गाडीनं थांबावं, हे शिकवणं मला रेघ अचूक काढण्याइतकंच मोलाचं वाटतं. थांबता येणं हेही वाट माहीत असण्याचं लक्षण आहे.

शेवटचं चित्र. पाऊस उघडला आहे. काठावर माणसं उभी आहेत, कुणी घाई करत नाही. एक जण काठी घेऊन पाण्यात उतरतो. काठी आधी पुढे टेकवतो, मग पाऊल टाकतो. पुन्हा काठी, पुन्हा पाऊल. पुलाचा काठ अजून दिसत नाही, पण काठीला दगड लागतो आहे.

त्याच्यामागे, त्याच्याच चालीनं, मनानं पलीकडे जा.