मैदान मोठे, माणसे थोडी



आपल्या जुन्या जालन्यात संध्याकाळी कोणत्याही मोकळ्या जागेवर पाहा, मुले खेळताना दिसतात. बहुतेकांच्या हातात बॅट असते, काहींच्या पायाशी फुटबॉल असतो. दोन विटा ठेवल्या की गोल तयार होतो आणि खेळ सुरू होतो. आज आम्ही ज्या विषयावर लिहीत आहोत तो या मुलांपासून फार दूरचा वाटेल. विषय आहे बुडालेल्या फुटबॉल क्लबांचा आणि न भरणाऱ्या स्टेडियमांचा. परंतु त्यामागे जो प्रश्न आहे तो आपल्या घरात, मंडळात आणि संस्थेतही येतो. आपल्या ऐपतीपेक्षा मोठे काही उभारणे हे धाडस केव्हा असते, आणि दोष केव्हा ठरतो?

आपली पुष्कळ मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्याला जातात, म्हणून पुण्याचेच उदाहरण घेऊ. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी तेथे बालेवाडीचे क्रीडा संकुल उभे राहिले. २००८ साली राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धाही तेथेच झाल्या. मोठे स्टेडियम तयार होते, शहर वाढत होते, उद्योगपतींकडे पैसा होता. २००७ साली अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी हा क्लब काढला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये तो दुसरा आला. २०१५ साली तो आय-लीगमधून बाहेर पडला. कल्याणी समूहाचा भारत एफसी तर २०१५ चा एकच मोसम खेळला. डीएसके शिवाजीयन्स या जुन्या क्लबचा आय-लीगमधील शेवटचा मोसम २०१६-१७ चा. इंडियन सुपर लीगमध्ये २०१४ साली आलेला एफसी पुणे सिटी २०१९ साली बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाला मिळाली. चार-पाच वर्षांच्या आत एका शहरातून चार क्लब गेले.

मुंबईतही वेगळे घडले नाही. १९६२ पासून चालत आलेला महिंद्राचा संघ २००५-०६ साली राष्ट्रीय लीगचा विजेता होता. २०१० साली तो बंद करण्यात आला. मुंबई एफसीने २०१७ साली गाशा गुंडाळला. म्हणजे चांगले खेळल्याने क्लब वाचतो असेही नाही.

असे का होते? क्लबला पैसा मुख्यतः तिकिटे, प्रायोजक आणि प्रक्षेपणाचे हक्क यांतून मिळतो. खर्च मात्र खेळाडूंचे पगार, प्रवास, निवास, प्रशिक्षक, मैदानाचे भाडे असा बारमाही असतो. आपल्याकडे पहिली बाजू नेहमी लंगडी राहिली. उरलेली तूट मालक आपल्या खिशातून भरून काढतो. मालकाचा मूळ धंदा अडचणीत आला, किंवा त्याचे मन भरले, की त्या दिवशी क्लब संपतो. प्रेक्षकांनी कितीही टाळ्या वाजवल्या तरी त्या हिशेबाच्या वहीत जमा होत नाहीत.

स्टेडियमचे गणित याहून कठीण असते. सामना महिन्यातून दोन-चार वेळा होतो, व्याज मात्र रोज चालते. क्रिकेटसारख्या लोकप्रिय खेळालाही हे चुकले नाही. पुण्याजवळ गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने मोठे स्टेडियम बांधले. २०१२ साली सहारा समूहाच्या नावाने त्याचे उद्‌घाटन झाले. ठरलेले पैसे आले नाहीत म्हणून २०१३ साली ते नाव काढावे लागले. पुढे कर्ज थकल्याने २०१८ साली बँकांनी स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेतला. ते स्टेडियम वाचले, आणि २०२३ च्या विश्वचषकाचे पाच सामने तेथे झाले. पण ते क्रिकेट होते. लहान फुटबॉल क्लबला असे कोण वाचवणार?

इंग्लंडमधील डार्लिंग्टन या गावाची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. गाव साधारण एक लाख वस्तीचे. क्लब १८८३ सालचा, खालच्या श्रेणीत खेळणारा. सामन्याला काही हजार माणसे येत. २००३ साली क्लबच्या धनाढ्य मालकाने त्याच्यासाठी पंचवीस हजार खुर्च्यांचे नवे स्टेडियम उघडले. मोठे मैदान झाले की मोठी गर्दी येईल, असा त्यांचा हिशेब होता. गर्दी आली नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये क्लब दिवाळखोरीच्या कारवाईत गेला. २००९ साली पुन्हा तेच झाले आणि २०१२ साली जुना क्लब संपला. ते स्टेडियम एका रग्बी क्लबने घेतले. फुटबॉलच्या चाहत्यांनी पैसे गोळा करून क्लब पुन्हा उभा केला आणि खालच्या पायरीपासून, शेजारच्या गावातील मैदानावर, खेळायला सुरुवात केली.

अशा गोष्टी ऐकल्या की आपण लगेच म्हणतो, अंथरूण पाहून पाय पसरावे. म्हण खरी आहे, पण तिने सगळा प्रश्न सुटत नाही. प्रत्येकाने केवळ अंथरूणच मोजले असते तर शाळा, दवाखाने, धरणे, मंदिरे यांतले काहीच झाले नसते. जर्मनीतील कोलोनचे कॅथेड्रल १२४८ साली बांधायला घेतले. त्या पिढीला ते पुरे झालेले दिसणार नव्हते, हे बांधणाऱ्यांनाही ठाऊक असणार. सोळाव्या शतकात काम थांबले आणि इमारत पुरी झाली ती १८८० साली. मग त्या लोकांना आपण मूर्ख म्हणायचे काय?

येथे जुन्या तत्त्वज्ञांची मदत होते. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात मोठ्या कामावर मोठा खर्च करण्याची वृत्ती हा एक सद्‌गुण मानला आहे. या सद्‌गुणाच्या एका बाजूला कंजूषपणा आहे आणि दुसऱ्या बाजूला दिखाऊपणा. दिखाऊ माणसाचे त्याने दिलेले उदाहरण आजही आपल्याला कळेल. मित्रमंडळींच्या साध्या जेवणावर जो लग्नाच्या पंगतीइतका खर्च करतो, तो दिखाऊ. त्याचा दोष खर्चाच्या आकड्यात नाही. काम आणि खर्च यांचा मेळ बसत नाही, आणि हे सारे तो लोकांनी आपल्याकडे पाहावे म्हणून करतो, यात त्याचा दोष आहे. गरिबाला हा सद्‌गुण जमणार नाही, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. संत थॉमस अक्वायनस त्याच्यापुढे एक पाऊल जातात. त्यांच्या मते थोडक्या साधनांचा माणूसही लहानसे काम त्या कामाच्या मानाने थोर रीतीने करू शकतो. मोठेपणा खुर्च्या मोजून ठरत नाही, मेळावरून ठरतो.

या कसोटीवर कोलोन आणि डार्लिंग्टन यांतला फरक स्पष्ट होतो. कोलोनला काम रखडले तरी तयार झालेल्या भागात १३२२ पासून उपासना चालू होती. माणसे आधीच होती, इमारत त्यांच्यामागून सावकाश वाढली. डार्लिंग्टनला इमारत आधी आली आणि माणसे मागून येतील असे गृहीत धरले गेले. लोकांची माया विकत घेता येईल, असे समजण्याची ही चूक आहे. खुर्ची विकत मिळते. त्या खुर्चीवर पावसातही येऊन बसणारा माणूस एका पिढीच्या सवयीतून तयार होतो.

आता आपल्या कोल्हापूरकडे पाहा. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही तेथील संघांची नावे आहेत. एकाचेही स्वतःचे स्टेडियम नाही. सगळे राजर्षी शाहू स्टेडियमवर खेळतात. संघ म्हणजे पेठ, संघ म्हणजे तालीम. आजोबा ज्या संघाचे, नातूही त्याच संघाचा. सामन्याच्या दिवशी हजारो माणसे जमतात. तेथेही सगळे आलबेल आहे असे नाही. समर्थकांच्या हाणामाऱ्यांनी त्या खेळाला अनेकदा बट्टा लावला आहे. पण मोठ्या भांडवलाचे क्लब आले आणि गेले, या तालमी मात्र राहिल्या. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

येथवर आपण मेळाचा विचार केला. दुसरा विचार अधिक गंभीर आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाविषयी बोलतो. आधी बसून खर्चाचा हिशेब केला नाही, तर पाया घालून काम अडते आणि लोक हसतात. त्या दृष्टान्तात हसे होते ते बांधणाऱ्याचेच. आजच्या व्यवहारात असे क्वचितच होते. क्लब बुडाला की मालक दुसऱ्या धंद्याकडे वळतो. मागे राहतात ते पगार थकलेले खेळाडू, मैदानाची देखभाल करणारे कामगार, अकादमीत घातलेली मुले आणि त्यांचे आईवडील. पुण्याची जागा घेणाऱ्या हैदराबाद संघाने २०२२ साली विजेतेपद मिळवले, आणि दोन वर्षांच्या आत त्याच्याही खेळाडूंचे पगार थकले. २०२५ साली तर करार संपत आल्यामुळे देशाची ही अव्वल लीगच लांबणीवर पडली. स्वप्न कोणी पाहिले आणि भुर्दंड कोणाला पडला?

आम्हाला येथे खरा नैतिक प्रश्न दिसतो. स्वतःचे घालवण्याचा धोका पत्करणे हे धाडस आहे. ज्यांना विचारलेच नाही अशांच्या भाकरीवर धोका पत्करणे हा अन्याय आहे, मग हेतू कितीही उदात्त असो. मालक वाईट होते असे आम्हाला म्हणायचे नाही. त्यांतील अनेकांनी खेळावर मनापासून प्रेम केले आणि त्यांच्या पैशावर शेकडो मुले खेळायला शिकली. पण ज्यावर इतरांचे पोट चालते ती गोष्ट केवळ आपली राहत नाही. तिचा हिशेबही मग एकट्याने, बंद खोलीत करून चालत नाही.

आपण जालन्याची माणसे. आपल्याला कोणी पंचवीस हजार खुर्च्यांचे स्टेडियम बांधायला सांगणार नाही. पण मंडळाचा मंडप गेल्या वर्षीपेक्षा मोठा हवा, संस्थेचे सभागृह शेजारच्या संस्थेपेक्षा उंच हवे, मुलीच्या लग्नात हजार पाने उठलीच पाहिजेत, हा आग्रह आपल्या ओळखीचा आहे. शेत गहाण टाकून केलेले लग्न दोन दिवसांत संपते आणि हप्ते लहान भावाच्या शिक्षणातून फिटतात. त्या भावाला कोणी विचारले होते काय?

म्हणून पुढच्या वेळी असा बेत निघाला की तीन गोष्टी विचारू या. ज्यांच्यासाठी हे करायचे ती माणसे आज आहेत काय, की मागून येतील अशी आशा आहे? काम अर्ध्यावर थांबले तर जेवढे झाले तेवढे उपयोगी पडेल काय? आणि तोटा झाला तर तो ज्याच्या अंगावर येणार, तो या बैठकीला हजर आहे काय? हजर नसेल तर आधी त्याला बोलावून आणावे आणि मगच वही उघडावी.

आणि आपल्या मुलांना फुटबॉल हवा असेल तर तो जरूर द्या. विटांचे गोल अजून काही वर्षे चालतील. तोवर संध्याकाळी त्यांचा खेळ पाहायला अर्धा तास काढून आपण कडेला उभे राहिलो, तरी क्लबची सुरुवात झाली असे समजायला हरकत नाही.