आपत्ती, न्याय आणि घराचे माप

नैसर्गिक आपत्ती कोसळली म्हणजे मनुष्याच्या मनात प्रथम जो प्रश्न उभा राहतो, तो ईश्वराच्या न्यायाविषयीचा असतो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दलचा ईश्वरी दंड होय, असे गांधीजींनी म्हटले. सृष्टीच्या घडामोडींना नीतीचा असा अर्थ लावणे विवेकाला घातक आहे, असे रवींद्रनाथांनी जाहीरपणे प्रतिपादिले. आणि गांधीजींनी तो मतभेद आपल्या ‘हरिजन’ पत्रात उत्तरासह प्रसिद्ध केला. माझी बुद्धी या वादात रवींद्रनाथांचा पक्ष घेते, कारण पाळण्यातल्या अर्भकावर पडणाऱ्या भिंतीला दंड म्हणणे म्हणजे न्याय या कल्पनेचाच त्याग करणे होय. तथापि आपत्तीनंतर समाजाने स्वतःच्या आचरणाची झडती घ्यावी, हा गांधीजींच्या म्हणण्यातील गाभा मला शिरोधार्य वाटतो. भूमीच्या कंपात नीती शोधू नये. परंतु त्या कंपानंतर सार्वजनिक खजिन्यातून जे घर बांधले जाते, त्याच्या मापात ती शोधलीच पाहिजे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील किल्लारी, सास्तूर व भोवतालची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी जी घरे त्या मुलखात ऐपतीची खूण मानली जात, तीच अधिक घातक ठरली. गवताच्या वा पत्र्याच्या हलक्या छपराखाली राहणारी पुष्कळ गरीब कुटुंबे बचावली.

पुढे राज्य सरकारने जागतिक बँकेचे कर्ज घेऊन पुनर्वसनाचे विशाल कार्य हाती घेतले. दीड लाखांहून अधिक घरांच्या दुरुस्तीसाठी व मजबुतीकरणासाठी मालकांच्या हाती हप्त्याहप्त्याने रक्कम देण्यात आली, आणि ५२ गावे नव्या गावठाणांवर वसविण्यात आली. या स्थलांतरित गावांत घराचे माप ठरले ते धारण केलेल्या जमिनीवरून : भूमिहीनास आणि अगदी अल्पभूधारकास २५० चौरस फूट, सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यास ७५० चौरस फूट, आणि मधल्यांस मधले. पंचनाम्यात मोडलेली घरे नोंदली गेली. नव्या घराचे आकारमान मात्र सातबाऱ्याने सांगितले.

या धोरणाच्या समर्थनार्थ जे सांगता येईल ते क्षुल्लक नाही. मराठवाड्यातील शेतकऱ्याचे घर हे केवळ निवासस्थान नसते. धान्याची कणगी, बियाणे, औते आणि दावणीची जनावरे या साऱ्यांचा तो संसार असतो, आणि ज्याचा वाडा पडला त्याची हानीही मोठीच असते. परंतु हानीची भरपाई करणे हे एक कर्तव्य आणि मनुष्याला निवारा देणे हे दुसरे. पहिल्यात मोजमाप गेलेल्या वस्तूचे असते, दुसऱ्यात राहणाऱ्या माणसाचे. इंग्रजी अमदानीत १८८४ च्या कायद्यान्वये दिली जाणारी तगाईसुद्धा जमीन धारण करणाऱ्यांसाठीच होती, म्हणजे सरकारी साहाय्याचा मार्ग शेताच्या बांधावरून जाण्याची रीत जुनीच आहे. मात्र तगाई हे फेडावयाचे कर्ज होते. भूमिहीन मजूर कापडासारख्या रोजच्या वस्तूंवर जे कर देतो, त्याच करांतून पुनर्वसनाचे कर्ज फिटावयाचे असता, त्याच्या कुटुंबाला सर्वांत लहान घर देणारा खजिना आपत्तीपूर्वीची विषमता नव्या पायावर अधिक पक्की करतो. भूमिहीन विधवेला आणि तिच्या लेकरांना झोपावयास, रांधावयास, आजाऱ्याला निजवावयास लागणारी जागा बागाईतदाराच्या कुटुंबाहून कमी नसते.

१९५१ साली पोचमपल्लीपासून भूदानयात्रा निघाली तेव्हा विनोबांनी भूमी भिक्षा म्हणून मागितली नाही. आपणांस घरातलाच एक पुत्र समजून वाटा द्यावा, असे ते जमीनदारांना म्हणत. ही दृष्टी सार्वजनिक निधीला तर अधिकच लागू पडते, कारण तो निधी मुळातच सामाईक मिळकत आहे. म्हणून माझे मत असे की, प्रत्येक कुटुंबास माणसांच्या संख्येनुसार पुरेसे आणि भूकंपास टिकणारे घर खजिन्याने विनामूल्य द्यावे. गोठा, कोठार आणि शेतीचा सरंजाम यांसाठी लागणारी अधिक जागा ज्यास हवी त्यास ती दीर्घ मुदतीच्या, सौम्य व्याजाच्या कर्जाने मिळावी.

हे माप कोणी ठरवावे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. भूकंपापूर्वी अवघे पाच महिने, २४ एप्रिल १९९३ रोजी, त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अंमलात येऊन ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले होते. ज्या सभेत भूमिहीन आणि भूधारक यांना समान मत आहे, तिच्यासमोर प्रत्येक कुटुंबाची गरज उघडपणे वाचली जावी, आक्षेप ऐकले जावेत आणि निधीचा हिशेबही तेथेच मांडला जावा. जिल्हाधिकाऱ्यांचे आणि अभियंत्यांचे काम त्या निर्णयाला बळकट पाया व शास्त्रशुद्ध बांधणी देण्याचे असावे. गावातील दांडगे लोक सभा आपल्याकडे वळवितील ही भीती खरी आहे, आणि म्हणूनच किमान घराचा हक्क ग्रामसभेच्याही मर्जीबाहेर, कायद्याने निश्चित असला पाहिजे. ईश्वराचा न्याय आपणांस आकळो वा न आकळो. आपल्या हातून होणारा न्याय तरी आपणांस आकळतो, आणि तो करण्यात कसूर झाली तर तिचे उत्तरदायित्व दैवावर टाकण्याचा अधिकार आपणांस नाही.